कल्पित भाषेतले भावशब्द कसे घडवावेत

प्रश्न थोडक्यात असा. एका लेखकाने विज्ञानकथेसाठी नवी भाषा रचायला घेतली आहे. ती बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखालच्या काळोख्या बोगद्यांत राहतात, एकमेकांचे चेहरे त्यांना दिसत नाहीत. म्हणून राग, भीती, माया हे सगळं बोलण्यातच यायला हवं, असं लेखकाने ठरवलं. तीस भावनांची यादी केली, प्रत्येकीला एकेक शब्द दिला आणि तो वाक्याच्या आधी लावला. आता संवाद असे होतात: ‘भीती, बोगदा कोसळला.’ ‘दुःख, कोण अडकलं?’ पात्रं यंत्रासारखी बोलतात असं वाचणारे म्हणतात. काय बदलावं, हा शब्द आधी ठेवावा की शेवटी, आणि उपरोधासाठी काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

काळोखाची कल्पना फार चांगली आहे, ती सोडू नका. यादी मात्र बाजूला ठेवा. तुमचे तीसही शब्द भावनांची नावं आहेत, आणि भावनेचं नाव घेणारा माणूस त्या क्षणी ती भावना जगत नसतो, तिची माहिती देत असतो. ‘मला आनंद झाला’ या वाक्यावर समोरचा ‘खोटं बोलतोस’ म्हणू शकतो. ‘अय्या!’ वर कुणी ‘खोटं’ म्हणत नाही. फार तर ‘नाटक करू नकोस’ म्हणेल, पण तो आक्षेप वेगळा. मी भाषारचनेच्या कार्यशाळांमध्ये प्रत्येक भावशब्दाला आधी हीच कसोटी लावायला सांगते: या शब्दाला ‘खोटं’ असं उत्तर देता येतं का? येत असेल तर तो भावशब्द नाही, ते छोटं विधान आहे. तुमची यादी या कसोटीवर जवळजवळ पूर्ण गळेल. पात्रं यंत्रासारखी का वाटतात, त्याचं कारण तिथेच आहे.

हा प्रश्न तुमच्या आधी ज्यांनी मन लावून सोडवलाय, त्यांच्याकडे पाहू. सर्वांत खोल काम लोजबान या मुद्दाम रचलेल्या भाषेत झालं आहे. तिचं मूळ लोग्लान या तशाच आधीच्या भाषेत. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ साली लोग्लान रचायला सुरुवात केली आणि १९६० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात तिच्यावर लेख लिहिला. पुढे १९८७ मध्ये काही मंडळी वेगळी झाली आणि लोजबान उभी राहिली. तिचं सविस्तर व्याकरण जॉन कावन यांनी १९९७ मध्ये लिहिलं, आणि त्यात एक पूर्ण प्रकरण फक्त भावशब्दांना दिलं आहे. तर्कशास्त्राच्या पायावर रचलेली भाषा म्हटल्यावर ती कोरडी असेल असं वाटतं. पण तिथे भावशब्दांचं अख्खं कुटुंब आहे: मूळ ३९ शब्द आणि त्यांना चिकटणारे मोजके प्रत्ययासारखे शब्द.

त्यातली एक गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. ‘दो’ म्हणजे तू, ‘क्लामा’ म्हणजे येणं किंवा जाणं. ‘वी दो क्लामा’ म्हटलं तर अर्थ होतो: तू येतोयस, आणि मला आनंद आहे. इथे ‘तू येतोयस’ हे विधान शाबूत आहे. आता फक्त पहिला शब्द बदला: ‘अहो दो क्लामा’. ‘अहो’ हा लोजबानमध्ये आशेचा शब्द. आता अर्थ होतो: तू यावंस अशी आशा आहे. तू येतोयस असं कुणी म्हटलेलंच नाही! एका शब्दाने विधान नुसतं रंगवलं नाही, ते विधानच राहू दिलं नाही. लोजबानमध्ये साधारणपणे ‘उ’ आणि ‘ओ’ने सुरू होणारे भावशब्द (‘वी’सुद्धा उ आणि इ मिळूनच होतो) वाक्याला धक्का न लावता वर भाव ठेवतात, तर ‘अ’ आणि ‘ए’ने सुरू होणारे, म्हणजे आशा, इच्छा, विनंती, परवानगी, कर्तव्य यांचे शब्द, वाक्याचा दर्जाच बदलतात. तुमच्या यादीत ‘आशा’ आणि ‘आनंद’ शेजारी शेजारी, एकाच जातीचे म्हणून बसलेत. ते दोन वेगळ्या जातींचे आहेत. बोगद्यात राहणाऱ्या माणसासाठी ‘वाट मोकळी आहे, बरं झालं’ आणि ‘वाट मोकळी असू दे’ यांत जीवन-मरणाचा फरक आहे, तेव्हा तुमच्या भाषेत तो ऐकूनच कळला पाहिजे.

लोजबानचा दुसरा धडा म्हणजे तीस भावनांना तीस शब्द लागत नाहीत. ‘नाय’ जोडला की भाव उलटतो: ‘वी’ आनंद, ‘वीनाय’ नाराजी. ‘साय’ने तो तीव्र होतो, ‘शाय’ने पराकोटीचा, ‘रुहे’ने सौम्य, आणि ‘शुही’ने मधल्या तटस्थ बिंदूवर येतो. हा मधला बिंदू कधीकधी फार सुंदर निघतो. ‘ओहो’ म्हणजे धीर, ‘ओहोनाय’ म्हणजे राग, आणि त्यांच्या मध्ये ‘ओहोशुही’, नुसतं सोसणं. राग हे धीराचं दुसरं टोक, असं त्या रचनेने ठरवलं. दुसऱ्या भाषेत राग प्रेमाच्या समोर बसवता येईल, किंवा भीतीच्या. कुठला भाव कुणासमोर ठेवायचा हा निर्णय म्हणजेच तुमच्या बोगद्यातल्या समाजाचं मानसशास्त्र. तो विचारपूर्वक घ्या, शब्दांचे ध्वनी नंतर ठरवता येतील.

‘ओय’ म्हणजे तक्रार. त्याला ‘रोहो’ जोडला की ती शरीराची होते, थोडक्यात ‘आई ग!’. ‘पेय’ हा प्रश्नाचा शब्द आहे, नुसतं ‘पेय?’ म्हटलं की ‘तुला कसं वाटतंय?’. उत्तरही एकाच शब्दात देता येतं: ‘वी’, ‘वीनाय’, ‘ओयरोहो’. आणि ‘दाय’ जोडला की तो भाव माझा नाही, मला समोरच्यात जाणवलेला आहे: ‘ओयरोहोदाय’, म्हणजे ‘फार दुखत असेल ना!’. चेहरे दिसत नाहीत अशा जगात या ‘दाय’इतका गरजेचा शब्द दुसरा नसेल. तुमच्या यादीत तसा एकही नाही, कारण यादी बोलणाऱ्याच्या मनाची आहे, ऐकणाऱ्याची नाही.

दुसरी भाषा लाआदान. सुझेट हेडन एल्गिन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथा-लेखिकेने ती १९८२ मध्ये घडवली. स्त्रियांना जे जाणवतं ते बोलायला उपलब्ध भाषा पुरतात का, हा त्यामागचा प्रश्न होता. लाआदानमधलं वाक्य आपण काय करतोय ते सांगूनच सुरू होतं: ‘बीइ’ म्हणजे सांगते आहे, ‘बाआ’ म्हणजे विचारते आहे, ‘बोओ’ म्हणजे विनंती करते आहे, ‘बे’ म्हणजे वचन देते आहे, ‘बेए’ म्हणजे सावध करते आहे. या पहिल्या शब्दालाच भाव चिकटतो. ‘बीइली’ म्हणजे मायेने सांगते आहे, ‘बीइद’ रागाने, ‘बीइया’ भीतीने, ‘बीइथ’ वेदनेने, ‘बाआदा’ म्हणजे चेष्टेत विचारते आहे. ‘ली’, ‘द’, ‘या’ हे एकटे फिरत नाहीत, कुठल्यातरी कृतीला धरूनच येतात. रागाने सांगणं, रागाने विचारणं आणि रागाने वचन देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लाआदान त्या वेगळ्या ठेवते. शिवाय ‘बीइद’ म्हणून वाक्य सुरू केल्यावर मागाहून ‘मी कुठे रागावले होते?’ म्हणता येत नाही. घरातली किती भांडणं याच एका वाक्यावर चालतात!

बाकीच्या भाषांकडे धावती नजर टाकली तरी पुरे. सोन्या लँग यांनी २००१ मध्ये मांडलेल्या तोकी पोनात सगळ्या भावनांचा भार ‘आ’ या एका छोट्या शब्दावर आहे. ‘अवतार’ या २००९ च्या चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी रचलेल्या नावी भाषेत भाव क्रियापदाच्या पोटात शिरतो: ‘कामे’ या क्रियापदात सुखद भावाचा ‘एइ’ घातला की ‘कामेइए’. एस्पेरांतोमधला ‘फि!’ हा शीः म्हणण्याचा उद्गार उपसर्ग होऊन नामाला लागतो आणि ‘फिहोमो’, म्हणजे नीच माणूस, असा शब्द तयार होतो. हे शेवटचं लक्षात ठेवा. भाषा वापरात असेल तर तिचे भावशब्द जागच्या जागी बसत नाहीत, दुसऱ्या शब्दांत घुसतात. तुमच्या भाषेत निदान एका भावशब्दाला असं घुसलेलं दाखवा, ती लगेच जुनी वाटू लागेल.

एवढं सांगून मी तुम्हाला मराठीकडे आणते, कारण तुम्ही मराठीत लिहिता आणि या बाबतीत आपली भाषा फार श्रीमंत आहे. शाळेत आपण केवलप्रयोगी अव्ययं हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, तिरस्कारदर्शक अशा खणांत टाकून पाठ करतो. तुमची यादी त्याच पाठांतरातून आली असावी असं मला वाटतं. ते खण परीक्षेपुरते ठीक आहेत. प्रत्यक्ष बोलण्यातलं खरं काम मात्र ज्या शब्दांना त्या धड्यात जागा नव्हती, असे शब्द करतात. ‘तो आला’ हे एक साधं वाक्य घ्या.

‘तो आला की!’ यात आनंद आहे का? असेल, नसेलही. यात नक्की आहे ते एवढंच की तो आला नाही असं तुम्ही धरून चालला होतात, आणि मी ते खोडून काढते आहे. ‘तो आला हं’ म्हटलं की मी तुम्हाला सावध करते आहे, आता गप्प बसा, किंवा पानं घ्या. ‘तो आला ना!’ मध्ये तुम्हालाही हे ठाऊक आहे आणि तुम्ही दुजोरा द्यावा अशी माझी अपेक्षा आहे. ‘आला बाई एकदाचा!’ हे मी तुमच्याशी बोलतच नाही, स्वतःशी सुस्कारा टाकते आहे, तुम्ही फक्त तो ऐकता. पुरुष इथे ‘बुवा’ म्हणेल. ‘आला म्हणे’ म्हटलं की मी हात झटकले: ऐकलंय, खात्री विचारू नका, आणि जमलं तर माझा अविश्वासही ओळखा.

या शब्दांपैकी एकही भावनेचं नाव नाही. प्रत्येक शब्द सांगतो की ही बातमी तुमच्या-माझ्यामध्ये कुठे उभी आहे. भावना त्यातून आपसूक कळते. तुम्ही यादी उलट्या टोकाने केलीत. ‘माझ्या पात्रांना कोणत्या भावना होतात’ असं विचारण्याऐवजी ‘काळोखात एक माणूस दुसऱ्याला काहीतरी सांगतो तेव्हा त्या दोघांमध्ये काय काय घडू शकतं’ असं विचारा. अपेक्षा मोडणं, धीर देणं, हात झटकणं, दुजोरा मागणं, स्वतःशी पुटपुटणं, दुसऱ्याचं दुःख ओळखणं. अशा दहा-बारा गोष्टी निघाल्या तरी पुष्कळ.

आता आधी की शेवटी. मराठीत दोन्ही आहेत, आणि त्यांची कामं बऱ्यापैकी वाटलेली आहेत. ‘अरे!’, ‘अय्या’, ‘बाप रे’, ‘शीः’ हे पुढे येतात. ते बोलणाऱ्याच्या तोंडून आधी निसटतात. ‘की’, ‘ना’, ‘हं’, ‘बाई’ मागे येतात. ते ऐकणाऱ्याकडे पाहून लावलेले असतात, आणि ‘बाई’च्या बाबतीत मुद्दाम त्याच्याकडे न पाहता. ‘अरे! तो आला की’ या वाक्यात दोन्ही जागा भरल्या आहेत आणि एकमेकींच्या आड येत नाहीत. लाआदानमध्येही दोन टोकं अशीच वेगळी आहेत: पुढे कृती आणि भाव, शेवटी ही गोष्ट मला कशी कळली ते सांगणारा शब्द. स्वतः अनुभवली असेल तर ‘वा’, विश्वासू माणसाकडून कळली असेल तर ‘वाआ’. लोजबानमध्ये तिसरी सोय आहे. भावशब्द आपल्या आधीच्या शब्दाला चिकटतो, म्हणून ‘दो वी क्लामा’ म्हटलं की आनंद येण्याचा नाही, ‘तू’ येण्याचा, दुसरं कुणी नाही याचा. तर्काला ते फार नेटकं आहे, पण कथेच्या वाचकाला झेपणार नाही. तुम्ही दोन जागा ठेवा आणि दोन वेगळे संच करा.

पुढच्या जागेसाठी निसटणारे शब्द. तिथे धोक्याचा शब्द सर्वांत छोटा आणि सर्वांत वेगळा असू द्या, कारण काळोखात पहिला शब्द ऐकूनच पळायचं की थांबायचं ते ठरतं. ध्वनी निवडताना बोगद्याचा विचार करा. बंद, दगडी जागेत आवाज घुमतो. मागच्या स्वराचा घुमारा पुढच्या व्यंजनावर पडतो आणि क, त, प यांतला फरक पुसट होतो. स्वर दूरवर पोचतात. लोजबानचे ३९ शब्द नुसत्या स्वरांचे, फार तर मध्ये हलका ‘ह’ असलेले आहेत. त्यामागचं कारण वेगळं आहे, ते इतर शब्दांत मिसळू नयेत. पण तो साचा तुमच्या बोगद्यात चपखल बसेल. तीव्रता दाखवायला मात्र स्वर लांबवू नका. घुमणाऱ्या जागेत प्रत्येक स्वर लांबच ऐकू येतो, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही. शब्द दोनदा म्हणा, किंवा दुसरं अक्षर चढ्या आवाजात जोडा.

शेवटच्या जागेसाठी मऊ, गुणगुणता येतील असे ध्वनी घ्या: म, न, ल. हे जवळच्याला उद्देशून असतात, दूर पोचायची गरज नसते. आणि इथे एक नियम करा, त्यातून कथेला पुष्कळ मिळेल. पुढचा शब्द ऐच्छिक ठेवा, शेवटचा आपल्या माणसांत जवळजवळ सक्तीचा. सक्ती असली की शब्द गाळणं हेच बोलणं होतं. दरड कोसळताना तो गाळला तर कुणी मनाला लावून घेणार नाही. जेवताना नवऱ्याने बायकोशी बोलताना गाळला तर ते भांडण आहे, आणि त्यासाठी ‘राग’ असा शब्द भाषेत असण्याची गरजच उरणार नाही.

तुमचे भाषक डोळ्यांनी काही पाहत नाहीत, तेव्हा शेवटच्या संचातच ‘हाताला लागलं’ आणि ‘कानावर आलं’ यांचे दोन शब्द ठेवा. ‘कानावर आलं’ हा शब्द हळूहळू संशयाचा होईल, आपल्या ‘म्हणे’सारखा. तो प्रवास पात्रांच्या तोंडी घडू द्या.

उपरोधासाठी वेगळा शब्द मुळीच करू नका. लोजबानमध्ये ‘झोहो’ हा ‘गमतीने म्हणतोय’ अशा अर्थाचा शब्द आहे. गमतीला तो चालतो. उपरोध जाहीर केला की मरतो. ज्या भाषेत भाव शब्दांत घालावा लागतो, तिथे उपरोध त्या शब्दांच्या अतिरेकातून येतो: किरकोळ गोष्टीवर पराकोटीच्या कौतुकाचा शब्द लावला की झालं. ‘वा वा, फारच छान केलंत’ हे आपण कुठल्याही खास शब्दाशिवाय ओळखतोच.

मराठी वाचकांच्या कानाचीही काळजी घ्या. लोजबान शिकणाऱ्या मराठी माणसाला ‘अहो’ हे आशेचं आहे आणि ‘वा’ हा काहीतरी उमगल्याचा उद्गार आहे, हे पचायला वेळ लागतो. तुमच्या वाचकाला शिकायला वेळ नाही. नवा भावशब्द मराठी उद्गाराशी जुळत असेल तर अर्थही जवळचा ठेवा, नाहीतर ध्वनी बदला.

तुमचाच प्रसंग घेऊन पाहू: एक माणूस अडकलेल्या मुलाच्या आईशी बोलतोय. समजा, पुढच्या संचात ‘ओए’ हा धोक्याचा आणि ‘ऊहे’ हा दुसऱ्याचं दुखणं ओळखल्याचा शब्द. शेवटच्या संचात ‘मो’ म्हणजे घाबरू नकोस, मी आहे. ‘ने’ म्हणजे तुला वाटलं होतं तसं नाही. आणि ‘लाम’ म्हणजे कानावर आलंय.

‘ओए ओए! बोगदा कोसळला.’
‘कोण अडकलं?’
‘धाकटा, लाम.’
‘तो वर गेला होता.’
‘गेला नाही, ने.’
‘…’
‘ऊहे. त्याचा हात लागलाय माझ्या हाताला, मो.’

दुसऱ्या ओळीत भावशब्द नाही, आणि नसावाच. त्या क्षणी आईला शब्द लावायची उसंत नाही. चौथ्या ओळीतही तिने तो गाळला, पण आता कारण वेगळं आहे, ती बातमी नाकारते आहे. समोरचा ‘ने’ म्हणतो तेव्हा तो फक्त माहिती दुरुस्त करत नाही, तिचा आधार काढून घेतोय हे त्याला ठाऊक आहे. म्हणून पुढच्याच वाक्यात तो आधी तिचं दुखणं ओळखतो आणि शेवटी ‘मो’ म्हणतो. भीती किंवा दुःख ही नावं कुणी घेतली नाहीत.

पहिल्या प्रकरणात असे चार-पाच शब्दच येऊ द्या, आणि अर्थ कंसात देऊ नका. प्रत्येक शब्द दोन-तीन वेगळ्या प्रसंगांत आला की वाचक तो उचलतो. मग हे संवाद दोन माणसांना दिवे मालवून, एकमेकांकडे पाठ करून, सपाट आवाजात वाचायला सांगा आणि तिसऱ्याला विचारा, कोण घाबरलंय आणि कोण धीर देतंय. त्याला उत्तर देता आलं तर शब्द जमले. आलं नाही तर ज्या ओळीवर तो अडखळला तिथला शेवटचा शब्द बदला, पुढचा तसाच राहू द्या.